सरता शरद आणि अंगणातील वृंदावन

(मठाच्या वर्धापनोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर थोर विद्वानांनी आपणांस शास्त्रार्थ सांगितला आहे. मजसारख्या निवृत्त शाळामास्तराजवळ त्या तोलाचे सांगण्यासारखे काही नाही. व्यवस्थापकांनी विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "मला माझ्या मोरजीच्या घराविषयी व अंगणातील झाडांविषयी चार शब्द बोलू द्यावेत." त्यांनी ते मान्य केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आजची सभा कार्तिकात भरली आहे. शरद ऋतू सरत आला असून हेमंत उंबरठ्याशी उभा आहे. घर आणि झाडे यांविषयी बोलण्यास याहून उचित समय दुसरा नाही.

कालिदासाने 'ऋतुसंहारा'त शरदाला एक संपूर्ण सर्ग दिला. आमच्या पेडणे महालातील शेतकऱ्याने त्याला एक संपूर्ण पीक दिले. पावसाळी भातशेतीस आपण 'सरद' म्हणतो आणि हिवाळ्यात पाण्यावर घेतलेल्या पिकास 'वायंगण'. म्हणजे ऋतूचे नाव आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी रोजचेच आहे. सरदाचे भात कापून, झोडून घरी आले आणि त्याचे पोहे दिवाळीत देवापुढे ठेवले, की वर्षाचा एक अध्याय पुरा होतो. मात्र घरच्या बाईमाणसाचा नवा अध्याय तेथूनच सुरू होतो, याकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही.

त्याचे कारण साधे आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. त्या दिवसांत झाडांना कोणी विचारावे लागत नाही. दगडाच्या भेगेतसुद्धा पाने फुटतात. आश्विनात पाऊस माघारी जातो आणि तेथून पुढे सात महिने झाड जगेल की वाळेल, हे मनुष्याच्या हातातील तांब्यावर ठरते. माझी आई म्हणे, "आतापर्यंत देवाची पाळी होती, आता आपली." हे वाक्य मी लहानपणी शेकडो वेळा ऐकले. त्याचा अर्थ कळावयास मात्र मला साठी गाठावी लागली.

त्या काळी दिवाळी झाली, की प्रथम खळे करावयाचे. चार महिन्यांच्या पावसाने घरापुढील खळ्याची माती वाहून गेलेली असे, मधूनमधून गवत माजलेले असे. ते गवत खरवडून काढावे, नवी माती आणून पसरावी, पाणी शिंपडून चोपण्याने ती सपाट होईतो चोपावी आणि मग शेणाने सारवावी. या कामी शेजारीपाजारी एकमेकांच्या घरी जात. परसात दुसरी लगबग चाले. दोडक्याचा एखादा वेल मुद्दाम न तोडता ठेवलेला असे. त्यावरील दोडके वाळून जाळीदार झाले, की आतील बी काढून राखेत घोळून मडक्यात जाई. मोठी तवशी दोरीने बांधून आढ्याला टांगली जात. माडाच्या बुंध्याशी आळे करून त्यात सोडणे पुरली जात, तीही पोकळ बाजू वर ठेवून, म्हणजे शिंपलेले पाणी त्यांत धरून राहते. स्वयंपाकघरातील भांडी धुतल्याचे पाणी केळीला आणि अळवाला जाई. वाया काहीच जात नसे, आणि या व्यवस्थेला कोणी मोठे नावही दिलेले नव्हते.

या सर्वांच्या मध्यभागी वृंदावन. कार्तिक शुद्ध द्वादशीस तुळशीचे लग्न. त्यालाच आपण 'व्हडली दिवाळी' म्हणतो. वृंदावन रंगवावे, भोवती रांगोळी घालावी, ऊस उभा करावा, दिंड्याची काठी वर म्हणून लावावी, आवळ्याची व चिंचेची फळांसह फांदी बांधावी, हे आपणांपैकी प्रत्येकाने पाहिलेले आहे. मला येथे एवढेच सांगावयाचे आहे, की या सोहळ्यात धर्म आहे, तद्वतच झाडाची ओळखही आहे. ज्या मुलाने दिंडा आणावयास रानात पाय ठेवला, त्याला दिंडा ओळखता येतो. ज्याला तो बाजारातून जुडीत बांधून मिळाला, त्याला येत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगताना मला थोडी लाज वाटते, तरीही सांगतो.

शिक्षकाच्या नोकरीनिमित्त मी तीस वर्षे मुंबईत काढली. धाकटा भाऊही तिकडेच स्थायिक झाला. आई मोरजी सोडून आली नाही. "झाडांना पाणी कोण घालील?" हे तिचे एकमेव उत्तर असे, आणि आम्ही दोघे भाऊ त्यावर हसत असू. २००३ साली ती गेली. घराला कुलूप लागले, ते २०१४ साली मी निवृत्त होऊन परतेपर्यंत. अकरा वर्षे! कुलूप उघडले तेव्हा कौलांतून आत आकाश दिसत होते. खळे नाहीसे झाले होते. वृंदावनाचा चिरा ढासळला होता आणि त्यात दोन वाळक्या काटक्या उभ्या होत्या. मला त्या पाहवेनात. मी मे महिन्यात परतलो होतो. मिरग लागला, चार पाऊस झाले, आणि एके दिवशी पायरीच्या भेगेत बोटभर उंचीची पाच-सहा रोपे दिसली. पान चुरगळून नाकाशी नेले. तुळसच होती. आईच्या तुळशीचे बी कितीक पिढ्या आपले आपणच सांडत व रुजत राहिले होते. आम्ही घराला कुलूप लावले, त्या बियांनी लावले नव्हते.

मला अतिशय आनंद झाला आणि त्या आनंदाच्या भरात मी चूक केली. जुन्या चिऱ्याचे वृंदावन पाडून मी सिमेंटचे, गुळगुळीत, चारही बाजूंनी कोनाडे असलेले नवे वृंदावन बांधविले आणि त्यात त्यांतील सर्वांत तजेलदार रोप लावले. पुढील आषाढात ते काळे पडून मेले. दुसरे लावले, तेही मेले. शेजारच्या काकी काठी टेकीत आल्या, वृंदावनाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "पाणी भायर वचपाक वाट खंय आसा रे बाबा?" मी पाहतच राहिलो. जुन्या वृंदावनाच्या तळाशी चिऱ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपून जाई. माझ्या सिमेंटला छिद्रच नव्हते. मुळे पाण्यात कुजली होती. तीस वर्षे मुलांना विज्ञान शिकविलेल्या माणसाला ही गोष्ट शाळेची पायरी न चढलेल्या काकींनी दाखविली. तळाशी छिद्र पाडले, खाली विटांचे तुकडे घातले, मातीत निम्मी रेती मिसळली. तेव्हापासून तेथे तुळस आहे. काकींनीच दुसरी गोष्ट शिकविली, की मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात, नाहीतर झाडाचे बळ बियांत जाते आणि खोड लवकर लाकडासारखे होते. शरद सरताना मात्र चार मंजिऱ्या झाडावर वाळू द्याव्यात, पुढील वर्षाच्या बियांसाठी.

मित्रहो, मोरजी आता माझ्या लहानपणची राहिलेली नाही. शापोरा नदी होडीने ओलांडून शिवोलीला जाण्याचे दिवस पुलाने संपविले. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पेडणे महाल जगाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याने अनेकांच्या घरी चूल पेटली, हे मी नाकारीत नाही. परंतु आमचे गाव रेतीवर वसलेले आहे. रेतीतील विहिरींचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. पावसाने भरले त्याहून अधिक उपसले, की खालचे खारे पाणी वर चढते. एकदा विहीर खारट झाली, म्हणजे तांबे कितीही असले तरी तुळशीला घालावयाचे काय? म्हणून पाणी जपून वापरणे ही आमच्याकडे काटकसरीहून मोठी गोष्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घराच्या पुढील भागास गिऱ्हाईक आले. खळे आणि वृंदावन ज्या जागी आहे, तोच भाग त्याला हवा होता. रक्कम मोठी होती. भावाचे म्हणणे पडले, की विकावे. आपण त्याला दोष देऊ नये; मीही देत नाही. त्याच्या घरी आजारपण आहे, मुलीचे शिक्षण व्हावयाचे आहे, आणि ज्या घरात तो वर्षातून चार दिवसही राहत नाही, त्यासाठी त्याने का झिजावे, या प्रश्नास माझ्यापाशी सोपे उत्तर नव्हते. आम्हा दोघांत काही महिने बोलणे तुटले, हेही येथे लपवीत नाही.

गतवर्षी मी त्याला पत्र लिहिले. त्यात विक्रीविषयी अक्षर नव्हते. 'तुळशीच्या लग्नाला ये, खळे करावयाचे आहे, माझ्याने एकट्याने होत नाही,' एवढेच लिहिले. तो आला, वहिनी आणि मुलगीही आली. दोन दिवस आम्ही दोघे म्हातारे माती चोपीत होतो. आईचे चोपणे माळ्यावर सापडले. मूठ वाळवीने खाल्ली होती, ती भावाने नवी बसविली. पुतणीने वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळून बी काढले आणि विचारले, "काका, हे आमच्या गॅलरीत येईल?" मी म्हणालो, "येईल. कुंडीला खाली छिद्र मात्र ठेव."

द्वादशीच्या संध्याकाळी लग्न लागले, पोहे वाटले, आणि निघताना भाऊ म्हणाला, "दादा, यंदा राहू दे. पुढे पाहू." तो कागद अजूनही माझ्या पेटीत आहे. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. कदाचित विकावेही लागेल. माणसाचा जीव चिऱ्यापेक्षा मोठा आहे. परंतु पुतणीने वैशाखात बी पेरले, श्रावणात मला रोपाचे छायाचित्र पाठविले, आणि त्या दिवसापासून माझ्या मनावरचा एक भार उतरला. अंगण राहील वा जाईल. आईची तुळस आता दोन घरी आहे.

आमच्या मोरजीच्या किनाऱ्यावर याच सुमारास, हेमंताच्या तोंडाशी, समुद्रातून कासवे अंडी घालावयास येऊ लागतात. १९९० नंतरच्या दशकापासून वन खाते आणि गावातील माणसे त्या अंड्यांची राखण करीत आली आहेत. सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने पाण्याकडे धावतात; किनाऱ्यावर झगमगाट असला तर ती वाट चुकतात. राखणदार त्यांना सांभाळून समुद्रापर्यंत पोचवितो. ती पिले त्याची नसतात, परत येऊन त्याला ओळखही देणार नसतात. तरी तो रात्र जागतो. आईने झाडांची केलेली राखण याच जातीची होती, असे मला आता वाटते.

तेव्हा, बंधुभगिनींनो, मी आपणांस मोठ्या प्रतिज्ञा करावयास सांगत नाही. वाडवडिलांचे घर ज्याला राखता येते, त्याने राखावे. ज्याला येत नाही, त्याने मनात अपराध बाळगू नये. परंतु हा शरद सरण्यापूर्वी तीन लहान कामे प्रत्येकास करता येतील. आपल्या दारच्या तुळशीचे बी काढून कागदात बांधून ठेवावे व त्यातील चिमूटभर दुसऱ्या घरी द्यावे. भांडी धुतल्याचे पाणी एका तरी झाडापर्यंत न्यावे. आणि हे करताना घरातील एका मुलाला बरोबर घ्यावे. त्याच्या हातून चार थेंब सांडले तरी रागावू नये.

आईचे वाक्य मी पुन्हा सांगून रजा घेतो. देवाची पाळी संपली आहे; आता आपली. उद्या सकाळी स्नान करून आपण तुळशीला पाणी घालाल, तेव्हा वृंदावनाच्या तळाशी एकदा वाकून पाहावे, आणि पाण्याला बाहेर जावयास वाट आहे ना, याची खात्री करून घ्यावी.