पडद्यावरचा कर्ता पुरुष

१९६७ साली ‘उपकार’मध्ये मनोजकुमारने खांद्यावर नांगर घेतलेला शेतकरी उभा केला. छाती पुढे, मान ताठ. भय त्याच्या गावीही नव्हते. याच यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवनयात्रा संपविली. पडद्यावरचा शेतकरी मात्र त्यानंतरही दीर्घकाळ ताठच राहिला.

विदर्भातील शेतकऱ्याची कथा सांगणारा सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला २००९ साली. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलका धास्तावते. किसनावर लक्ष ठेवण्यासाठी लहानग्या दिनूला त्याच्या मागे धाडते. कर्ता पुरुष घरच्यांच्याच पहाऱ्यात! पुरुषार्थाची जुनी मूर्ती येथे खरोखर तडकली. पण भय बोलले ते अलकाच्या तोंडून.

पुढे ‘तेरवं’ नाटकात शेतकऱ्यांच्या विधवा स्वतःच रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांपैकी वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. स्त्री बोलू लागली, हे थोडे नव्हे. सावकाराच्या ओसरीवर मान खाली घालणारा आणि घरी येऊन ‘काही नाही’ म्हणत कर्जाचा आकडा बायकोपासून लपविणारा पुरुष मात्र पडद्यावर आजही क्वचितच भेटतो.