ज्ञानदान आणि शिक्षकाचा वेळ

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षकांच्या सभेत एका कापड व्यापाऱ्याने शिक्षणाविषयी बोलावे, हे थोडे अनधिकाराचेच आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी जो गादीवर बसलो, तो आजतागायत. तथापि सुवर्णमहोत्सवी निधीतून परिसरातील प्रत्येक शाळेस एक डिजिटल फळा द्यावा, असा प्रस्ताव सध्या विश्वस्तांपुढे आहे. त्याविषयी माझे म्हणणे मांडण्यापूर्वी माझीच एक चूक मला कबूल केली पाहिजे.

२००४ साली वडिलांच्या स्मरणार्थ मी एका शाळेस दहा संगणक दिले. समारंभ झाला, हारतुरे झाले, भिंतीवर संगमरवरी पाटी बसली. संगणकांवर धूळ बसू नये म्हणून मांजरपाटाची झाकणेही आमच्याच दुकानातून शिवून गेली. पाच-सहा वर्षांनी सहज त्या शाळेत गेलो असता खोलीस कुलूप होते. किल्ली शोधून कुलूप उघडले, तेव्हा झाकणे जशीच्या तशी होती. कापड उत्तम टिकले होते, याचे व्यापारी म्हणून मला समाधान वाटावयास हवे होते! एका वयस्क गुरुजींनी प्रांजळपणे सांगितले, "शेठ, ज्याने यंत्रे बसवली त्याने दोन दिवसांत चालू-बंद करायला शिकवले. त्यावर अपूर्णांक कसे शिकवायचे, ते कोणीच सांगितले नाही. आणि बिघडले तर भरून कोण देणार, ही धास्ती होतीच." मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. दोष माझा होता. मी वस्तू दिली होती, ती वापरणाऱ्याचा विचार केला नव्हता.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा त्या गुरुजींची अवस्था मला खऱ्या अर्थाने समजली. मीटरच्या कापडावर तोवर विक्रीकराची विवरणे भरण्याची आम्हांस फारशी सवय नव्हती. मोठ्या सभागृहांत व्याख्याने झाली, पडद्यावर तक्ते दाखवले गेले. मी तीन व्याख्याने ऐकली आणि कोराच परतलो. अखेर शेजारच्या दुकानदाराजवळ माझी स्वतःची बिले घेऊन दुपारच्या निवांत वेळी बसू लागलो. रोज एक चूक, रोज एक दुरुस्ती. दोन महिन्यांत हात बसला. प्रौढ माणूस आपल्याच कामावर, आपल्याच बरोबरीच्या माणसाजवळ बसून शिकतो, हा माझा अनुभव आहे. शिक्षकही प्रौढच आहेत.

आपल्या परंपरेत याचा एक सुंदर दाखला आहे. श्रुतपंचमीला आपण ज्या षट्खंडागमाची पूजा करतो, त्यामागील कथा आपणांस परिचित आहेच. गिरनारच्या चंद्रगुफेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना शिकवण्यापूर्वी एकेक मंत्र दिला. एकात एक अक्षर अधिक होते, दुसऱ्यात एक कमी. साधनेअंती प्रकट झालेल्या देवतांपैकी एकीचे दात बाहेर आलेले, तर दुसरी एकाक्ष. देवता विरूप नसते, हे जाणून दोघांनी गुरूस न विचारता आपापला मंत्र स्वतः शुद्ध केला. त्यानंतरच आचार्यांनी त्यांना श्रुतज्ञान दिले. दिलेले जसेच्या तसे घोकणारा शिष्य त्यांना नको होता. ज्याला आज सर्जनशीलता म्हणतात, ती मला या कथेत दिसते.

अलीकडचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. माढा तालुक्यातील या गावच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. दहा लाख डॉलरच्या या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली, याचे आपल्या समाजास विशेष मोल वाटेल. पुस्तकातील क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव झाले. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते त्याआधीचे. मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक निराळ्या भाषेत, ही अडचण त्यांनी ओळखली. ती भाषा ते शिकले, पाठ नव्याने रचले, आणि मग त्या पाठांपर्यंत पोहोचण्यासाठी कोड वापरला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड छापले गेले. कोड लाखो प्रतींत छापता येतो. वर्गातील अडचण ओळखणारी नजर मात्र त्या त्या शिक्षकालाच कमवावी लागते.

ती कमावण्यास वेळ कोठे आहे, हा खरा प्रश्न. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. वर्षाचे दहा महिने धरले तर महिन्याला पाच तास. हिशेब सोपा आहे; परंतु दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की निम्मी शाळा उघड्यावर पडते. मग तो मोबाइलवर चित्रफीत चालू ठेवतो आणि समोर शालेय पोषण आहाराची नोंदवही भरतो. प्रमाणपत्र मिळते, शिकणे राहून जाते.

आपल्याच समाजातील, कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९३५ साली साताऱ्यास शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे विद्यालय काढले. शाळा वाढवायच्या तर आधी शिक्षक तयार हवेत, हे त्यांनी जाणले होते.

म्हणून माझी सूचना अशी. पहिल्या वर्षी फळे घेऊ नयेत. निधीतून डी.एड. झालेल्या दोन-तीन तरुणांना मानधनावर नेमावे. महिन्यातून एक दिवस ते शिक्षकाचा वर्ग सांभाळतील आणि तो शिक्षक शेजारच्या चार शाळांतील सहकाऱ्यांसह आपल्या सभागृहात बसेल. कोणी आपला फसलेला पाठ आणील, कोणी साधलेला. प्रोजेक्टर आपल्याकडे आहेच, चहाची व्यवस्था समाज करील. दुसऱ्या वर्षी जो शिक्षक 'मला या फळ्यावर अमुक पाठ शिकवायचा आहे' असे लिहून देईल, त्याच्या शाळेस फळा अवश्य द्यावा.

एका ज्येष्ठ विश्वस्तांनी मला विचारले, "फळ्यावर देणगीदाराचे नाव कोरता येते, शिक्षकाच्या वेळेवर कोठे कोरणार?" त्यांची शंका गैर नाही. देणग्या नावामुळे येतात, हे मीही जाणतो. संगमरवरी पाटी मीही लावली आहे. ती अजून त्या भिंतीवर आहे. तरीही एका तरुणाचे पहिल्या वर्षाचे मानधन माझ्याकडून स्वीकारावे, आणि त्यासाठी कोठेही पाटी लावू नये. विश्वस्त मंडळाने येत्या सभेत या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती करून आपली रजा घेतो. जय जिनेंद्र.