झोपेचे घड्याळ आणि मनाचा तोल
(भाषणाचा सारांश)

कर्जत आणि खोपोली यांच्या मधल्या पळसदरीत दिवस एकाच वेळी उजाडत नाही. कोणी पहाटेची लोकल गाठून मुंबईकडे निघतो, तर कोणी खोपोलीच्या कारखान्यातील रात्रपाळी आटोपून त्याच सुमारास घरी परततो. भातशेती करणाऱ्याचा दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. बाहेरची घड्याळे अशी निरनिराळी असली, तरी शरीरातील घड्याळ निसर्गाने प्रकाश व अंधार यांनाच बांधून दिले आहे.

हे घड्याळ म्हणजे मेंदूतील एक सूक्ष्म पेशीपुंज. झोप, जाग, शरीराचे तापमान आणि अंतःस्राव यांचा सुमारे २४ तासांचा क्रम तो सांभाळतो. पेशींमधील ही यंत्रणा उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक लाभले. भारतात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी मदुराई येथे या विषयाचे मोलाचे संशोधन केले.

मनोदशेच्या विकारांत हा क्रम विस्कटतो. उन्मादाच्या अवस्थेत रुग्ण दोन-तीन तास झोपूनही थकत नाही. बोलणे, खर्च व बेत वाढत जातात. अवसादात पहाटेच जाग येते किंवा झोप सरत नाही, आणि पुष्कळांना सकाळ सर्वांत जड जाते. उलटपक्षी, ज्याला हा विकार आहे त्याच्या बाबतीत सलग जागरण हेच उन्मादाचे निमित्त ठरू शकते.

घरची माणसे मात्र यास स्वभावदोष समजतात. एकाला उधळ्या ठरवितात, दुसऱ्याला आळशी. स्वभावाचा आणि या विकारांचा संबंध आहे, हे खरे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी खिन्न, उल्हसित, चिडखोर आणि चंचल असे चार स्वभाव पूर्वीच वर्णिले होते. परंतु स्वभाव जन्मभराचा सोबती असतो. आजारात माणूस स्वतःच्या नेहमीच्या स्वभावापासून दूर जातो आणि कित्येक दिवस तसाच राहतो. हा फरक घरच्यांनी ओळखला, तर उपचार वेळेवर सुरू होतात.

लिथियमसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करून घ्यावी लागतात. बरे वाटताच ती आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे असते. औषधांच्या जोडीला उठणे, जेवणे, काम व झोप यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. लग्नसराईतील व उत्सवातील जागरणे अशा रुग्णाने टाळावीत. पाळी वारंवार बदलत असेल, तर ती स्थिर करून मिळावी यासाठी डॉक्टरांचा सल्ला घेऊन व्यवस्थापनाशी बोलावे.

झोप अकस्मात बदलली, तर ती पहिली सूचना मानून वैद्यकीय सल्ला घ्यावा. ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून, १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. तापाच्या रुग्णाला घर जसे दोष देत नाही, तसेच या रुग्णालाही देऊ नये. त्याला वेळेवर झोप, नियमित औषध आणि घरच्यांचा विश्वास मिळाला पाहिजे.