घरातला विजेचा रांजण



काल याच व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले आणि आज आम्ही बॅटरीवर बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या दारात आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता ऐकून घ्यावे.

२०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी सूर्यघर योजना सुरू केली. छपरावर दिवसा तयार झालेली वीज घरातच रात्रीसाठी राखायची, तर रांजण हवा. बॅटरी म्हणजे तो रांजण. आजवर तो शिसे आणि ॲसिडचा असे, आता लिथियमचा येत आहे. वजन कमी, वीज जास्त मावते, पाणी घालण्याची कटकट नाही. हे सारे खरे आहे.

आम्ही विशीत असताना एका कारखान्याच्या बॅटरीखोलीत कामाला होतो. फोर्कलिफ्टच्या शिशाच्या बॅटऱ्या रात्रभर चार्ज होत आणि त्यांतून हायड्रोजन सुटे. तो बाहेर काढायला एक पंखा होता. पंखा बंद पडला तेव्हा साहेब म्हणाले, ‘‘दार उघडे ठेवा आणि विडी ओढू नका.’’ त्या पंख्यासाठी आम्ही आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला. पंखा फिरायला साडेतीन महिने लागले! बॅटरी ही निर्जीव पेटी नव्हे, हे तेव्हापासून आमच्या मनात ठसले आहे.

लिथियमच्या सेलमध्ये दोन पातळ पत्रे, त्यांच्यामध्ये कागदाहून पातळ प्लॅस्टिकचा पडदा, आणि हे सारे पेट घेणाऱ्या द्रवात भिजलेले. पडदा फाटला, मार बसला, किंवा सेलमध्ये वाजवीपेक्षा अधिक वीज कोंबली, की आत उष्णता होते. त्या उष्णतेने आतली रासायनिक क्रिया वाढते, क्रियेने उष्णता आणखी वाढते. बैल एकदा उधळला की कासरा ओढून थांबत नाही, तसेच हे. शेजारचा सेल तापतो, मग त्याच्या शेजारचा. हे होऊ नये म्हणून बॅटरीत एक इलेक्ट्रॉनिक रखवालदार बसवतात; तो प्रत्येक सेलचा दाब आणि ताप पाहतो. पण जुन्या गाड्यांतले सेल जुळवून स्वस्तात विकलेल्या पेटीत हा रखवालदार आहे की नाही, हे पेटी बाहेरून पाहून कळत नाही.

लिथियमचेही प्रकार आहेत. निकेल-कोबाल्टवाला लवकर भडकतो. लोह-फॉस्फेटवाला पुष्कळ सोशिक, कारण त्यातला प्राणवायू फॉस्फेटशी घट्ट बांधलेला असतो. तो गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून आला. त्यांना २०१९ साली वयाच्या ९७ व्या वर्षी नोबेल मिळाले; उशिरा शिकलेल्या आमच्यासारख्यांना तेवढाच धीर! घरासाठी हाच प्रकार बरा. पण ‘पेटतच नाही’ असे दुकानदार म्हणाला तर मानू नये. तापल्यावर यातूनही पेटणारा वायू सुटतोच.

या वायूचीच गोष्ट ऐका. अमेरिकेत ॲरिझोनात सरप्राइझ या गावी १९ एप्रिल २०१९ रोजी वीजकंपनीच्या बॅटरीघरात सेल उधळले. आग विझवणारा वायू आपोआप सुटला, पण आत साठलेला स्फोटक वायू बाहेर जायला वाट नव्हती. काही तासांनी अग्निशामक दलाच्या लोकांनी दार उघडले आणि थोड्याच मिनिटांत स्फोट झाला. चार जवान गंभीर जखमी झाले. हे वाचले त्या रात्री आम्हाला आमचा पंखा आठवला.

दक्षिण कोरियात २०१७ ते २०१९ या काळात मोठ्या बॅटरीसंचांना २३ आगी लागल्या. सरकारी चौकशीत अपुरे विद्युत-संरक्षण, दमट आणि धुळीची जागा, निष्काळजी बसवणी अशी कारणे निघाली. बसवणी चुकली की खापर वायरमनच्या डोक्यावर फुटते. त्याला शिकवले कोणी, दिवसाला किती घरे करायला लावली, हे विचारायला नको काय?

आता जागेचा प्रश्न. ब्रिटनच्या २०२४ च्या मार्गदर्शक नियमांत झोपण्याची खोली, माळा आणि बाहेर पडण्याची वाट या जागा बॅटरीला वर्ज्य आहेत. आपल्याकडे इन्व्हर्टर असतो नेमका जिन्याखाली, आणि खाली उतरायला तो एकच जिना! ज्यांचे बिऱ्हाडच एका खोलीचे, त्यांनी बॅटरी ठेवायची कोठे? हा प्रश्न एकेकट्याने सुटणारा नाही, तो साऱ्या इमारतीचा आहे. बॅटरी फुगली, आतून फुसफुस आली किंवा उग्र वास सुटला, तर उघडून पाहू नये. माणसांना बाहेर काढावे, दार ओढून घ्यावे आणि १०१ ला फोन करावा. पाणी मारणे दलाच्या लोकांवर सोडावे. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या सभेत आम्ही हे सारे मांडले. जिन्याखालची जागा नको, असे ठरले. तळमजल्यावरची सायकलींची पडवी रिकामी करावी, तिथे हवा खेळती आहे, असे आम्ही सुचवले. त्यावर एका गृहस्थांनी विचारले, ‘‘मग सायकली कोठे ठेवायच्या?’’ त्याचे उत्तर अजून निघालेले नाही. पुढची सभा रविवारी आहे.