पैशांची सोय आणि आपलं अक्षर



प्लास्टिक सर्जनांच्या आपल्या संघटनेच्या या पदासाठी माझी निवड केलीत.  वर्षभराचा शास्त्रीय आढावा स्मरणिकेत छापला आहे, तो निवांत वाचा. प्रथेप्रमाणे १७९४ च्या लंडनमधल्या ‘जंटलमन्स मॅगझिन’चं नावही घेतो. त्यात छापलेली हकीकत अशी : टिपूच्या कैदेत नाक गमावलेला गाडीवान कावसजी वर्षभर तसाच राहिला, आणि पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचं नाक त्याला बसवून दिलं. ही गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. त्या कारागिराची मजुरी कोणी दिली, हे मात्र आपल्या अधिवेशनांत मी कोणाला विचारताना ऐकलेलं नाही.

काल दुपारी पैशांचा विषय निघाला, तोही हप्त्यांच्या वाटेने. कर्ज देणाऱ्या कंपन्यांचा माणूस दवाखान्यात बसवावा का, यावर खडाजंगी झाली. ‘बिनव्याजी’ हप्त्यांचं व्याज कुठून येतं, हे आपण जाणतो. ते आपल्या बिलातून कापलं जातं, म्हणून आपण बिलच फुगवतो. मीही एकदा असा माणूस बसवला होता. एका तरुणाने त्याच्याकडून कर्ज घेऊन चोवीस हप्त्यांवर माझ्याकडे नाक करून घेतलं. सहा महिन्यांत ते डावीकडे झुकलं. चूक माझी होती, दुसरी शस्त्रक्रिया मी फुकट केली. पण माझे पैसे मला पहिल्याच आठवड्यात मिळाले होते, आणि तो पोरगा वाकड्या नाकाने हप्ते भरत होता. त्या महिन्यात मी त्या कर्जवाल्या माणसाचं टेबल हलवलं. कालच्या वादाला माझं उत्तर एवढंच.

मला खरं बोलायचं आहे ते दुसऱ्याच टेबलाबद्दल. ज्यावर आपण सर्टिफिकेट लिहितो, ते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी साखर कारखान्यातल्या एका कामगाराची बायको माझ्याकडे आली. स्टोव्हचा भडका उडून भाजली होती, जीव वाचला होता, पण हनुवटी छातीला चिकटलेली. घास गिळताना त्रास, झोपताना तोंड मिटत नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे गटविमा होता. ओपीडीच्या घाईत मी लिहिलं : ‘डिस्फिगरिंग स्कार, रिव्हिजन’. रूप सुधारण्याची शस्त्रक्रिया म्हणून दावा फेटाळला गेला. नवरा पत्र घेऊन आला. सोबत माझ्याच कागदाची झेरॉक्स, ‘डिस्फिगरिंग’खाली लाल रेघ. ‘मान वर होत नाही’ हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. मी माझी फी घेतली नाही. तिच्या पाटल्या तरीही गेल्या. भूल, औषधं, रक्त, खाट, हे सगळं माझ्या फीमध्ये येत नाही ना!

तेव्हाची पॉलिसी वाईट होती, असं म्हणून मी सुटू शकलो असतो. आज आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवर्जनाच्या, म्हणजे काय भरून मिळणार नाही ते सांगणाऱ्या, कलमातच अपघात, भाजणं आणि कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला वाट ठेवली आहे. पण ती वैद्यकीय गरज आहे, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित करायला हवं. जीएसटीचंही तसंच : रूप बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के, जन्मजात दोष किंवा इजेनंतरच्या दुरुस्तीवर माफी. म्हणजे रुग्णाचा पैसा आपल्या दोन ओळींवर अडतो किंवा सुटतो. आणि त्या दोन ओळी आपण रेसिडेंटवर सोडतो.

काही जण म्हणतील, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी राखीव आहेत. आहेत ना! ओठ फाटलेल्या बाळांची शस्त्रक्रिया संस्था फुकट करून देतात, तेही मान्य. पण विमा असूनही पतसंस्थेच्या दारात उभा राहणारा माणूस मला दर महिन्याला भेटतो. त्याच्या कागदावर बहुतेक वेळा आपल्यापैकीच कोणाची तरी सही असते.

म्हणून सर्टिफिकेटचा एक नमुना हवा. सांधा किती अंश हलतो, डोळा मिटतो का, घास गिळता येतो का, असं काहीतरी. मराठीतही असावा. तो कोणी करायचा, हे कार्यकारिणीने बघावं. माझ्या कारकिर्दीत झाला तर आनंद आहे. तरुणांचं वर्कशॉपही घेता येईल, तारीख नंतर ठरवू.

ती झेरॉक्स इतकी वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये होती. आज बरोबर आणली आहे. रुग्णाचं नाव झाकलंय. चहाच्या सुट्टीत ज्यांना बघायची असेल त्यांनी बघावी, अक्षर माझं आहे.