वास्तुविशारदाची पहिली नोकरी

म्हैसूर जिल्ह्यात कावेरीच्या काठी येडतोरे नावाचे जुने गाव होते. अर्केश्वराच्या देवालयामुळे त्याला क्षेत्राचे महत्त्व होते. १९२४ साली कावेरीला महापूर आला आणि या गावाची वाताहत झाली. त्यानंतर नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्या कारकीर्दीत जुन्या गावापासून काही अंतरावर नवे गाव वसविण्यात आले. तेच आजचे कृष्णराजनगर होय.

जुने गाव घराला घर लागत पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते. नव्या गावाला मात्र आधी कागदावर उमटावे लागते. रस्ता किती रुंद ठेवावा, बाजार कोठे भरावा, सांडपाणी कोणत्या उताराने न्यावे, हे सारे पहिला दगड बसण्यापूर्वी ठरवावे लागते. वास्तुविशारदाचे आणि नगररचनाकाराचे काम ते हेच. गावाला त्यांची गरज किती असते, हे येडतोरेसारख्या आपत्तीतून उघड होते. असे असूनही पाच वर्षे शिकून वास्तुशास्त्राची पदवी घेतलेला अशा गावातला तरुण नोकरीच्या शोधात निघतो, तो बंगळूर, मुंबई किंवा पुण्याची वाट धरतो. त्याच्या गावात घरे बांधली जातच असतात. ती त्याच्यावाचून बांधली जातात, इतकेच.

पहिली नोकरी कशी मिळते, याची एक कथा म्हैसूर संस्थानातच घडली. ओटो कोनिग्सबर्गर हा बर्लिनचा तरुण ज्यू वास्तुविशारद १९३३ साली नाझी राजवटीमुळे नोकरीला मुकला. काही वर्षे त्याने इजिप्तमध्ये काढली. त्याचे मामा, पदार्थवैज्ञानिक मॅक्स बोर्न, हे १९३५-३६ मध्ये काही महिने बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत राहून गेले होते. ती ओळख उपयोगी पडली आणि १९३९ साली कोनिग्सबर्गर म्हैसूर संस्थानचा मुख्य वास्तुविशारद झाला. ओळखीने दार उघडते, हे खरे. परंतु आत टिकायचे ते कामाच्या बळावर. थंड प्रदेशात शिकलेल्या या माणसाला येथले ऊन, वारा आणि पाऊस नव्याने अभ्यासावे लागले. पुढे १९४८ साली भुवनेश्वरचा आराखडा त्याने केला आणि नंतर लंडनमध्ये उष्ण प्रदेशांतील बांधकामाचे शास्त्र शिकविले. नोकरीनेच त्याला दुसरे शिक्षण दिले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अच्युत कानविंदे यांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. १९१६ साली कोकणातील आचरे गावी जन्मलेले कानविंदे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत वास्तुशास्त्र शिकले आणि नव्यानेच स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत दाखल झाले. तेथूनच त्यांना हार्वर्ड येथे वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली शिकण्याची संधी मिळाली. परतल्यावर परिषदेच्या प्रयोगशाळांच्या इमारतींचे काम त्यांनी पाहिले. १९५५ साली त्यांनी शौकत राय यांच्यासह दिल्लीत स्वतःचा व्यवसाय मांडला. कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेचा परिसर ही त्याची विख्यात फलश्रुती. सरकारी चाकरी म्हणजे प्रतिभेची समाधी, असा समज तरुणांत आढळतो. कानविंदे यांच्या बाबतीत ती चाकरी प्रतिभेची पाठशाळा ठरली.

पुण्यात १९२७ साली जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांचा मार्ग वेगळा. ते १९५१ साली पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे गेले आणि तेथे प्रारंभीचे आठ महिने बिनपगारी राबले. २०१८ साली त्यांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले, तेव्हा ही आठवण पुन्हा पुन्हा सांगितली गेली. ती स्फूर्तिदायक आहे, पण तिचा दुरुपयोगही होतो. 'शिकायला मिळते ना?' असे म्हणून नवख्याला तुटपुंज्या वेतनावर रात्री-अपरात्रीपर्यंत बसवून ठेवणाऱ्या कचेऱ्या काही विरळा नाहीत. अशा प्रत्येक कचेरीत ल कॉर्ब्युझिए बसलेला नसतो, आणि प्रत्येकाच्या घरी आठ महिन्यांचा खर्च सोसण्याची ऐपतही नसते.

म्हणूनच नोकरी स्वीकारण्यापूर्वी तरुणाने वेतनाइतकीच आणखी एका गोष्टीची चौकशी करावी. आपल्याला बांधकामाच्या जागेवर पाठविले जाईल की संगणकापुढे दुसऱ्यांच्या रेषा गिरवीत बसावे लागेल? पायाच्या खोदकामात लागलेले पाणी पाहून नकाशा बदलण्याचा प्रसंग ज्याने अनुभवला नाही, त्याचे शिक्षण अर्धेच राहिले. मुलाखतीला नेलेल्या रंगीत चित्रांपेक्षा उभ्या राहिलेल्या एका लहानशा घराची हकीगत अधिक बोलकी ठरते.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावयास हवी. १९७२ च्या कायद्यान्वये परिषदेकडे नोंदणी केलेल्यालाच वास्तुविशारद ही उपाधी लावता येते. परंतु हा कायदा उपाधीचे रक्षण करतो, नोंदणी नसलेल्यांना त्या प्रकारचे काम करण्यास मनाई करीत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. तेव्हा लहान गावात अभियंता, कंत्राटदार आणि अनुभवी गवंडी यांच्या शेजारीच या पदवीधराला आपली जागा मिळवावी लागणार. खिडकी वाऱ्याच्या दिशेला काढल्याने पंख्याची गरज कमी होते, जिन्याखालची जागा वाया जात नाही, ओल भिंतीत चढत नाही, हे घरमालकाला पटवून देता आले, तरच त्याचे शुल्क घरमालकाला जड वाटणार नाही.

आणि तरीही सारा भार तरुणावर टाकून चालणार नाही. शाळा, दवाखाना, बाजाराची इमारत, पूररेषेबाहेरची वसाहत अशी कामे लहान नगरांतही निघतात. नगरपालिकांनी ती करताना वास्तुविशारदाला रास्त मोबदल्यावर नेमले, तर नोकरीसाठी गाव सोडण्याचे एक कारण कमी होईल. येडतोरेच्या लोकांना नव्या गावाचा नकाशा पुराने काढावयास लावला. कृष्णराजनगरची उद्याची वाढ पुराची वाट न पाहता नीटनेटकी व्हायची असेल, तर त्या गावातून शिकून बाहेर पडलेल्या पदवीधराला परत येण्याजोगे पोटापुरते काम तेथे असले पाहिजे.