एक मतदार, चार मतं

जालन्याची नगरपरिषद जाऊन 2023 मध्ये महानगरपालिका आली आणि तिची पहिली निवडणूक 15 जानेवारी 2026 रोजी झाली. नगरसेवक एकूण 65, प्रभाग मात्र 16. म्हणजे पंधरा प्रभागांतून प्रत्येकी चार जण, एकातून पाच.

मतदान यंत्रापुढे उभं राहिलं की अ, ब, क, ड अशा जागा दिसतात. अ जागेची मतपत्रिका पांढरी, बची फिकट गुलाबी, कची फिकट पिवळी, डची फिकट निळी. प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबायचं. कुणीच पसंत नसेल तर ‘नोटा’ आहेच. सगळ्या जागांची मतं दिली की लांब ‘बीप’ वाजतो. तो ऐकल्याशिवाय निघू नका! जागा वेगवेगळ्या असल्यानं उमेदवार आवडला नाही तर पक्ष बदलूनही मत देता येतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगा.

स्कॉटलंडमध्येही एका प्रभागातून बहुधा तीन-चार सदस्य निवडतात. तिथे 2007 पासून मतदार एकाच मतपत्रिकेवर 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहितो, त्यामुळे लहान गटालाही एखादी जागा मिळते. आपल्याकडे प्रत्येक जागेवर सर्वाधिक मतं घेणारा निवडून येतो. साहजिकच चाळीस टक्के मतांवर एकच पॅनल चारही जागा नेऊ शकतं, आणि उरलेल्यांचा आवाज सभागृहात पोहोचतच नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

आणि गटार तुंबलं, तर चौघांपैकी कुणाकडे जायचं? चौघंही तुमचेच नगरसेवक आहेत. तक्रार लेखी द्या, चौघांनाही द्या.